कमिटीनं दिलेली पडवी

रत्नागिरीच्या त्या वसतिगृहात कुणाला नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. मुलगी जिथून आली ते तिचं नाव. हर्णैची, मुरुडची, देवरुखची. मी साताऱ्याकडून आलेली, म्हणून पहिले काही दिवस ‘सातारकरीण’ होते. मग स्वयंपाक माझ्या हाती आला आणि मी सगळ्यांची काकू झाले. तेव्हा माझी पंचविशीही उलटली नव्हती. चार-पाच वर्षांनीच लहान असलेल्या मुली काकू म्हणत आणि मला ते बरं वाटे, कारण काकूला कुणी पुढचं काही विचारत नाही.

विचारण्यासारखं बरंच होतं. तिसरीत शाळा सुटली, लग्न झालं, आणि काही वर्षांनी नवऱ्यानं दुसरी बायको आणली. मला कुणी घालवलं नाही; पण घरात माझ्या वाट्याला काम उरलं आणि बोलणं संपलं. माहेरी भावाचा संसार मोठा. तेवढ्यात मामींच्या ओळखीच्या एक बाई रत्नागिरीला शिक्षिकांच्या वर्गावर मुख्य म्हणून गेल्या आहेत आणि त्यांच्या वसतिगृहाला स्वयंपाकाला, देखरेखीला ब्राह्मण बाई हवी आहे असं कळलं. ब्राह्मण अशासाठी, की कुठल्याच मुलीच्या घरून जेवणाबद्दल हरकत यायला नको. मी कोल्हापुरावरून मोटारीनं आंबा घाट उतरले. वाटेत दोनदा ओकले, आणि प्रत्येक वळणाला मनात म्हणत होते, इथून परत पाठवलं तर मी जाणार कुठं?

ही धास्ती पुढं कित्येक वर्षं गेली नाही. भात करपला तरी वाटे, गेली नोकरी. मोठ्या बाई – वसतिगृहाच्या मुख्य, त्यांना सगळ्या मोठ्या बाईच म्हणत – नुसतं ‘अहो, जरा इकडं या’ म्हणाल्या की काय चुकलं ते मी आठवायला लागायची. पण त्या बाईंनी मला पहिल्याच दिवशी स्वतःच्या शेजारी पाट मांडून जेवायला वाढलं होतं, आणि माझ्याबद्दल एक शब्द विचारला नव्हता. त्यांच्यासाठी मी विस्तवावरून चालले असते.

घर भाड्याचं होतं. जांभ्या दगडाचं, कौलारू, वर माडी. माडीवर मुलींच्या वळकट्या आणि ट्रंका, खाली माजघर, स्वयंपाकघर, पुढं ओसरी. मागच्या बाजूला उतरत्या कौलांची एक लांब पडवी, तिचं दार थेट परसात उघडणारं. पंधरा-सोळा मुली. ब्राह्मण, मराठा, भंडारी, एक सोनाराची. सकाळी सगळ्यांना पेज लागे. मी देशावरची, भात त्याच्या पाण्यासकट वाटीत ओतून मीठ घालून प्यायचा, हे मला आजाऱ्याचं जेवण वाटे. मी एकदा हौसेनं बाजरीच्या भाकऱ्या केल्या, तर हर्णैची म्हणाली, “काकू, ही खायची की हिच्यावर बसायचं?”

हर्णैची ही अशी. बाप भंडारी, माडांचा धंदा; मुलगी काळीसावळी, उंच, आणि जिभेला हाड नाही. तिच्याशी सगळ्यात कमी पटे ते मुरुडचीचं. मुरुडची भटाघरची, नाकीडोळी नीटस, धुतलेलं लुगडं काठीनं वाळत घालणारी. शिक्षणासाठी घरच्यांशी भांडून आली होती, पण सोवळं मात्र ट्रंकेत घालून बरोबर आणलं होतं.

दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये मंडणगडची आली.

ती महाराची. बाप पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला. त्यानं तिला घरी शिकवलं, मग शाळेच्या बाहेर व्हरांड्यात बसवून शिकवलं, आणि मराठी सातवीची परीक्षा ती पास झाली. शिक्षिकेचा दाखला मिळाला की तिला त्यांच्या भागातली शाळा मिळणार होती. वर्गात बसायला हरकत नव्हती. सरकारी मदत हवी तर दार सगळ्यांना उघडं पाहिजे, असं वरून आलं होतं. प्रश्न राहायचा होता. गावात तिला खोली कोण देणार? वसतिगृहात जागा मिळाली तरच शिक्षण, नाही तर आल्या वाटेनं मंडणगड.

वसतिगृह चालवणाऱ्या कमिटीत सगळे पुरुष. त्यांचे पुढारी एक वकील होते. माणूस वाईट नव्हता. गावात तेव्हा सहभोजनांची हवा होती. वकील त्यांत बसत, भाषणंही करत. (बसून आलेले बरेचसे लोक घरी परसदारी आंघोळ करून मगच आत जात, ते वेगळं.) त्यांनी घर फिरून पाहिलं. मागं आले, पडवी पाहिली, काठीनं जमीन ठोकून पाहिली आणि म्हणाले, “ही जागा रिकामीच दिसते. स्वतंत्र दार आहे, परस आहे. मुलीला इथं ठेवावं. म्हणजे कुणाचा कुणाला संपर्क नाही. दिवाळीपर्यंत पाहू. तक्रार आली नाही तर पुढं विचार करता येईल.”

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मोठ्या बाईंकडं पाहिलं. त्या भिंतीवरच्या पालीकडं बघत होत्या. “बरं,” म्हणाल्या.

वकील गेल्यावर मी म्हटलं, “बाई, पण पडवीत तर…”

“ठाऊक आहे मला.”

“मग त्यांना सांगायचं नाही का?”

“काय सांगू? वकिलांना काय सांगू? तुम्ही सांगता?”

पडवी रिकामी दिसत होती, कारण त्या दिवशी कुणी तिथं बसलेलं नव्हतं. एरवी त्या घरातली प्रत्येक मुलगी दर महिन्याला तिथंच बाजूला बसे. तीन दिवस तिथंच जेवण, तिथंच झोप. कशाला शिवायचं नाही, चौथ्या दिवशी न्हाऊन घरात यायचं. मोठ्या बाईंचं वय उलटलेलं, तेवढ्या त्या सुटल्या होत्या. कमिटीतल्या प्रत्येकाच्या घरी अशी एक जागा असणार. पण ती कुठं असते आणि तिथं काय असतं हे पुरुषांनी कधी विचारायचं नसतं आणि बायकांनी कधी सांगायचं नसतं. संपर्क नको म्हणून त्यांनी जी जागा निवडली, तिथं घरातल्या सगळ्यांना पाळीपाळीनं जाणं भागच होतं.

मंडणगडची आली ती पत्र्याची लहान पेटी आणि घोंगडी घेऊन. अंगानं बारीक, कपाळ मोठं, बोलणं तुटक. मी तिला पडवी दाखवली. विहिरीवर जायचं नाही, पाणी मी घालीन, जेवण दारात आणून देईन, हे सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “दिवा मिळल?”

“मिळेल.”

“मग चालल.”

आठवड्याच्या आत हर्णैची माजघराच्या उंबऱ्याबाहेर येऊन उभी राहिली. हात मागं, तोंड वाकडं. “काकू, मला नाय शिवायचं आता. आणि मी बसू कुठं?”

मुली जमल्या. कुणाला हसू येत होतं, कुणाला घाम फुटला होता. मुरुडची म्हणाली, “परसातल्या लाकडांच्या खोपटात बस.”

“तू बस खोपटात. तिकडं नानेटी साप निघतात.” हर्णैची वळली आणि पडवीत जाऊन मंडणगडचीच्या चटईशेजारी धपकन आपली चटई टाकली. “सरक गो जरा. मला भिंत लागते टेकायला.”

त्या तीन दिवसांत आम्ही सगळ्यांनी घराच्या मागच्या बाजूला कान लावले होते. दुसऱ्या दिवशी पडवीतून हसण्याचा आवाज आला, आणि माडीवरच्या मुली कशाबद्दल हसताहेत ते कळावं म्हणून जिन्यात येऊन बसल्या.

मग एकेक जात गेली. पाऊस लागला होता. बोटी बंद, कुणाला घरी जाता येत नव्हतं, घरून कुणी येत नव्हतं. पडवीत कधी एक, कधी तिघी. मी वाढायला गेले की माझ्या ध्यानात आलं, तिथं पंगत सरळ लागते. बाजूला बसलेली ब्राह्मणाची असली तरी मी तिलाही वरूनच वाढत होते. तिनंही विहिरीवर जायचं नाही, तिलाही पाणी मीच घालायचं. त्या तीन दिवसांत घरापुरत्या सगळ्या सारख्याच दूर, मग आपसात अंतर ठेवून करायचं काय? सोनाराची मुलगी तर मंडणगडचीच्या ताटलीतली चटणी उचलून खाताना मी पाहिली आणि पाहिलं नाही असं केलं.

मुरुडचीनं मात्र पहिल्या वेळी खोपट धरलं. पावसानं एका दुपारीच तिला तिथून हुसकलं. ती पडवीत आली आणि खडूनं जमिनीवर मधोमध रेघ ओढून पलीकडं बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडणगडचीनं शेणानं पडवी सारवली. रोजच सारवायची ती. रेघ गेली.

“माझी रेघ पुसलीस,” मुरुडची म्हणाली.

“रेघ नाय पुसली. जमीन सारवली.”

“मुद्दाम सारवलीस.”

“मग काय चुकून सारवू?”

मुरुडचीनं वाळल्यावर पुन्हा रेघ ओढली. तिसऱ्या दिवशी मंडणगडचीनं पुन्हा सारवलं. पुढच्या महिन्यात मुरुडची आली तेव्हा खडू घेऊन आलीच नाही. पण बोलायची नाही. भांडायची मात्र. निबंधातल्या एका वाक्यावरून दोघींचं असं काही जुंपलं, की मोठ्या बाई चष्मा वर करून मागं आल्या. “तुला काय कळतंय गं त्यातलं!” “तुला लई कळतंय, मग मार्क का कमी?” मोठ्या बाई थोडा वेळ ऐकत उभ्या राहिल्या आणि परतल्या. स्वयंपाकघरातून जाताना मला म्हणाल्या, “चांगलं चाललंय.”

माझीही पाळी यायची. तेव्हा मोठ्या बाई पदर खोचून चुलीशी बसत आणि घरभर धूर होई. त्यांची आमटी म्हणजे तिखट पाणी. मुली मुकाट्यानं गिळत आणि मला पडवीच्या दारातून खुणा करत, की लवकर या.

पहिल्यांदा मी पडवीत शिरले तेव्हा अंग चोरून बसले. मी तिला रोज वाढणारी. आता दोघींना मोठ्या बाई वाढणार. मंडणगडची पाठ तयार करत होती. शिक्षिकांना मुलांच्या वर्गावर पाठ घेऊन दाखवावा लागे, आणि तिला सराव करायला कुणी नव्हतं.

“काकू, कितवीपर्यंत शिकलाव?”

“तिसरी. तीही पुरी नाही.”

“मग बरं झालं. मला चौथीचा वर्ग पायजे.”

मी हसण्यावारी नेलं. पण ती उठून उभी राहिली, भिंतीवर कोळशानं अपूर्णांक काढला आणि मला म्हणाली, “बाळ, सांग बरं.” मी बाळ! मला उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा समजावलं. हात चांगला नव्हता तिचा शिकवायला. फार भरभर बोले आणि मुलाला येत नसलं की चिडे. मी तसं सांगितलं. “असं ओरडलीस तर मूल पुन्हा तोंड उघडणार नाही गं.” ती विचारात पडली, मग हळू बोलायला लागली. त्या पावसाळ्यात मी दर महिन्याला तीन दिवस चौथीत बसले. इतर वेळी तिचे विद्यार्थी बदलत. कधी हर्णैची मुद्दाम खोड्या काढणारा पोर व्हायची, कधी सोनाराची मुतायला जाऊ का म्हणून बोट वर करायची. मोठं वाक्य सलग वाचता येणं, मनातलं कागदावर उतरवता येणं, हे मला त्या पडवीत मिळालं. मोठ्या बाईंनी मला अन्न दिलं, आणि हे हिनं दिलं. दोन्हींचं ओझं मला कधी वाटलं नाही. फिटावं असंही वाटलं नाही.

श्रावण सरता सरता एकदा सोनाराची मुलगी चौथ्या दिवशी न्हाली. ओले केस पुसत घरात निघाली आणि वाटेत मंडणगडचीची पिशवी पायाशी आली तशी सवयीनं लुगडं आवरून बाजूनं गेली. तीन दिवस जिच्या मांडीवर डोकं ठेवून उवा काढून घेतल्या, तिच्या पिशवीला वळसा. तिला स्वतःलाही ते कळलं नाही. मी दारात पेज घेऊन उभी होते. मंडणगडचीनं ते पाहिलं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, “काकू, या सगळ्या चौथ्या दिवशी न्हातात आन् आत जातात. माझा चौथा दिवस कवा यायचा?”

मी पेज खाली ठेवली आणि आत आले. पण त्या दिवसापासून मी एक ठरवलं. हिला दाखला मिळाल्याशिवाय इथून कुणी हलवायचं नाही, आणि दाखला घेऊन जाताना ती पुढच्या दारानं जाईल. कसं, ते ठाऊक नव्हतं. मी तिसरी शिकलेली, दुसऱ्याच्या घरात पोट भरणारी बाई. ठरवणं तेवढं माझ्या हातात होतं.

नवरात्र संपलं, रस्ते वाळले, आणि देवरुखचीचे वडील तिला दिवाळीसाठी न्यायला आले. न कळवता आले. मागच्या परसातून हाक मारत शिरले, तर पडवीच्या पायरीवर त्यांची लेक आणि मंडणगडची एका चटईवर बसून उकडलेले कणगरांचे कंद सोलून खात होत्या. देवरुखचीला उठून आतही जाता येईना, कारण तिचे अडचणीचे दिवस. आणि बापाला ते सांगताही येईना. बापानं तिला ती न्हाईपर्यंतही थांबू दिलं नाही. गाडीत घातली आणि जाता जाता तो वकिलांच्या घरी थांबला.

दोन दिवसांनी वकील आले. ओसरीवर मोठ्या बाई खुर्चीत, वकील समोर. नेहमीप्रमाणे मी पोहे केले आणि बशी त्यांच्या हातात देऊन दाराशी उभी राहिले. माझ्या मागं, दाराआड, सगळ्या मुलींचे श्वास ऐकू येत होते. मंडणगडची तेवढी परसात होती.

“बाई, त्या मंडणगडच्या मुलीची सोय आता इथं होणार नाही,” वकील म्हणाले. “दिवाळीला जाईल तेव्हा तिनं पेटी घेऊनच जावं. तुम्हीच समजुतीनं सांगा.”

“तिची काही चूक?”

“तिची चूक नाही म्हणत मी. मी स्वतः या लोकांच्या पंगतीला बसतो, तुम्हाला माहीत आहे. पण हे मुलींचं वसतिगृह. आईबापांच्या विश्वासावर चालतं. आम्ही स्वतंत्र पडवी दिली होती, कुणाला त्रास नको म्हणून. मला सांगा, एवढी माडी असताना मुली पडवीत जातातच का?”

मोठ्या बाईंचे कान लाल झाले. पुण्यात सभा गाजवलेली बाई, पण त्या प्रश्नाला उत्तर द्यायला जीभ उचलेना. मागून हर्णैचीनं माझ्या पाठीत बोट खुपसलं.

घाट, भावाचं घर, सगळं डोळ्यापुढून गेलं. पण मी बोलले. “मुली बाजूला बसतात तिथं,” मी म्हटलं. “दर महिन्याला. सगळ्या.”

वकिलांचा तोंडाशी नेलेला घास तसाच राहिला.

“घर घेतलं तेव्हापासून ती जागा त्याचीच आहे. तुम्ही तिला तिथं ठेवलंत, तेव्हापासून प्रत्येक मुलगी महिन्याचे तीन दिवस तिच्याशेजारी जेवते, झोपते. आषाढापासून. तुमच्या कमिटीतल्या दोघांच्या भाच्यासुद्धा. बाटायचं असेल तर सगळ्या बाटून झाल्या. तिला काढायचं तर वसतिगृह रिकामं करावं लागेल.”

“हे… हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.”

“सांगायचं कुणी?” मी म्हटलं.

ते छत्रीच्या मुठीकडं बघत राहिले. मग एकाएकी मान वर करून म्हणाले, “सगळ्या म्हणता… म्हणजे तुम्हीसुद्धा?”

“मीसुद्धा.”

त्यांनी बशीकडं पाहिलं. जून महिन्यापासून प्रत्येक सभेला त्यांनी माझ्या हातचे पोहे खाल्ले होते. कधीकधी पुन्हा मागून घेतले होते. बशी त्यांनी खाली ठेवली. मी मनात म्हटलं, झालं, आता आपलीच पेटी बांधायची.

पण वकील उठले नाहीत. मग त्यांनी खाली ठेवलेली बशी उचलली आणि उरलेले पोहे खाल्ले. सावकाश, शेवटच्या दाण्यापर्यंत. हात धुतले, छत्री घेतली.

“कमिटीपुढं हे असं मला बोलता येणार नाही,” ते म्हणाले. “मी एवढंच सांगेन की घरातली व्यवस्था बायकांनी पाहावी, कमिटीनं त्यात पडू नये. तुम्हाला कशी करायची ती करा.” पायरी उतरताना मागं न बघता म्हणाले, “देवरुखकरांना मी बघून घेतो.”

ते गेल्यावर मी मोठ्या बाईंसमोर उभी राहिले. त्या म्हणाल्या, “बोललात तुम्ही. आता करायचंही तुम्हालाच.” आणि मग जरा हसून, “माझ्यानं नसतं हो झालं.”

मी लगोलग पडवीत गेले. मंडणगडची कपडे घडी करत होती, पेटी उघडी. तिला वाटलं होतं मी निरोप घेऊन आले.

“पेटी माडीवर न्यायची,” मी म्हटलं. “आणि उद्यापासून जेवायला माजघरात.”

तिनं घडी घालणं थांबवलं नाही. “मी इथं बरी हाय. माझी शाळा हाय इथं.”

“शाळा कुठं जात नाही.”

“आत येऊन बसू कुठं? टोकाला? मोरीजवळ?” आता तिनं माझ्याकडं पाहिलं. “काकू, तुमचं मी ऐकलं परसातनं कडेला येऊन, वकिलांचं ऐकाया थांबले नाय. तुमचे उपकार मानते. पर टोकाला नाय बसणार. मधे जागा असली तर येते. नाय तर हीच पडवी, आन् दिवाळीला बा येल न्यायला.”

मला राग आला. इतकं सगळं केल्यावर ही अटी घालते! पण परसातून आत येईपर्यंत राग उतरला. टोकाला बसायचं तर पडवीच काय वाईट होती?

मुलींना सांगितलं. दोघींनी सरळ सांगितलं, आम्ही घरी जातो. आणि दिवाळीला गेल्या त्या आल्या नाहीत. त्याचं मला वाईट वाटलं. एक त्यांतली फार हुशार होती. बाकीच्या जमिनीकडं बघत राहिल्या. मुरुडची म्हणाली, “निदान आत यायच्या आधी तिनं न्हाऊन तरी यावं.”

“ती रोज न्हाते,” हर्णैची म्हणाली. “चार-चार दिवस पारोशी राहायची ती तू.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या जेवणाला मी पाट मांडले. मधला तिचा. ती आली, धुतलेलं लुगडं, हात पुसत, आणि कुणाकडं न बघता बसली. एका बाजूला हर्णैची आधीच येऊन बसलेली. दुसरा पाट रिकामा. मुली आल्या, एकेक करून दोन्ही टोकांकडं बसल्या. तो पाट तसाच. मंडणगडची समोरच्या भिंतीकडं बघत होती.

मी भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि त्या पाटावर जाऊन बसले. आयुष्यात पंगत जेवते आणि मी वाढते, एवढंच मला ठाऊक होतं.

“अहो काकू, तुम्ही बसलात, मग आता वाढणार कोण?” हर्णैची ओरडली. “हवेतनं येणार का भात?”

कुणी उठेना. मग मुरुडची उठली. ती टोकाला बसली होती; पदर कमरेला खोचला, पातेलं उचललं आणि वाढायला लागली. मला कळलं, तिला त्या पंगतीत बसायचं नव्हतं, म्हणून ती उठली. वाढणारीला बसावं लागत नाही. मंडणगडचीपर्यंत आली. सगळ्यांच्या पानांत वाढलं तसंच, वाकून, पळी पानाला लावून वाढलं. वरून टाकलं नाही, हात तिथं थबकलाही नाही; एका ओघात ती पुढं गेली.

पळी पानाला लागली हे हर्णैचीच्या लक्षात आलंच. “मुरुडची,” ती गोड आवाजात म्हणाली, “वाढणारीला शेवटी जेवायचं असतं हो. ह्याच पातेल्यातलं.”

मुरुडची पळी हातात घेऊन मधोमध उभी राहिली. हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. सगळ्या तिच्याकडं बघत होत्या. मंडणगडचीही, पहिल्यांदाच मान वर करून.

“मला आहे ठाऊक,” मुरुडची म्हणाली. ठाऊक नव्हतं. “तू जेव मुकाट्यानं.”

जेवण सुरू झालं. बोलणं नाही, नुसते भुरके. मंडणगडचीनं दोन घास खाल्ले आणि माझ्याकडं वळली. पडवीत चार महिने मी तिला जे दिलं ते तिनं निमूट खाल्लं होतं, कधी कशाला नाव ठेवलं नव्हतं.

“काकू,” ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, “आमटीत मीठ नाय.”

“आहे की!” मी म्हटलं.

“नाहीये काकू,” टोकाकडून सोनाराची म्हणाली.

“अजिबात नाही,” आणखी कुणीतरी म्हणालं.

मी चाखून पाहिली. त्या सकाळच्या गडबडीत मी मीठ घालायचंच विसरले होते. मुरुडची आत जाऊन मिठाचा सट घेऊन आली आणि पंगतीच्या एका टोकापासून सुरुवात केली.